शंभरी गाठायचं औषध आलंय म्हणे! औषध दुकानाच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात शहापूरच्या बाजूला तीस वर्षं मी औषधाच्या काउंटरमागं उभा आहे. वडगावचे विणकर, येळ्ळूरचे शेतकरी, बाजाराला आलेले खानापूरकर, कोल्हापूरला मुलाकडं निघालेली आजी, अशी आमची गिऱ्हाइकं. पूर्वी लोक विचारायचे, ‘खोकल्याला काय आहे?’ आता मोबाईल पुढं धरून विचारतात, ‘हे आलंय काय तुमच्याकडं?’ तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरं लिहूनच काढली. लोक मला ‘डॉक्टर’ म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. त्यामुळे गोळी सुरू किंवा बंद करायचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

म्हातारपण थांबवायची गोळी खरंच आलीय काय?

नाही. उंदरांसाठी आलीय.

हसू नका, खरंच. रॅपामायसिन नावाचं औषध आहे. १९६४ साली पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूंत ते सापडलं. त्यावर काम करणारे सुरेन सेगल हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ. कंपनीनं प्रकल्प गुंडाळला तेव्हा त्यांनी नमुना घरी नेऊन फ्रीजरमध्ये जपला. पुढं किडनी बदललेल्या रुग्णांसाठी ते औषध म्हणून आलं. २००९ मध्ये असं दिसलं की उतारवयातल्या उंदरांना ते दिलं तर माद्या सुमारे १४ टक्के आणि नर ९ टक्के जास्त जगतात. तेव्हापासून जगभरचे हौशी श्रीमंत ते खात सुटलेत. पण हे मुळात प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे, आणि धडधाकट माणूस त्यानं जास्त जगतो असा पुरावा नाही.

मेटफॉर्मिन ही शुगरची आपली जुनी स्वस्त गोळी. तिचंही नाव या यादीत येतं. शुगर असेल तर ती उत्तमच आहे, पण शुगर नसताना आयुष्य वाढावं म्हणून मी कुणाला देत नाही. तरुण ठेवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘एनएमएन’ वगैरे पूरक गोळ्यांच्या हजारो रुपयांच्या डब्यांबद्दल एवढंच सांगतो: माझ्या दुकानात ठेवल्या तर नफा चांगला आहे, तरी मी ठेवत नाही.

वजन उतरवायचं ते इंजेक्शन घेऊ काय?

गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न. टिरझेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये मौंजारो या नावानं आलं, आणि सेमाग्लूटाइडचं वजनासाठीचं वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये. हे औषध आठवड्यातून एकदा पोटावर किंवा मांडीवर टोचून घ्यायचं असतं. जेवल्यावर आतड्यातून एक संप्रेरक सुटतं आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगतं. हे औषध त्याचीच नक्कल करतं. या जातीचं पहिलं औषध अमेरिकेतल्या एका विषारी सरड्याच्या लाळेतल्या द्रव्यावरून सुचलं होतं. घोरपडीच्या नावानं तेल विकणाऱ्यांनी मात्र यावरून हुरळून जाऊ नये.

औषध काम करतं, यात वाद नाही. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लूटाइडनं सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिरझेपटाइडच्या मोठ्या डोसनं २० टक्क्यांच्या आसपास. २०२३ च्या एका अभ्यासात लठ्ठ आणि आधीपासून हृदयविकार असलेल्या लोकांत हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मिळून पाचव्या हिश्शानं कमी झाले. म्हणजे ही नुसती दिसण्याची हौस नाही.

आता काउंटरमागची बाजू ऐका. इंजेक्शन बंद केलं की बहुतेकांचं वजन परत येतं. वजनाबरोबर स्नायूही झिजतात, आणि साठीनंतर गेलेला स्नायू मिळवताना घाम फुटतो. म्हणून ज्यांना हे सुरू झालंय त्यांनी डाळ, अंडी, दही वाढवायचं आणि वजन उचलायचा व्यायाम करायचा, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसलं तरी. मळमळ आणि बद्धकोष्ठ तर होतंच. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा घरात थायरॉईडच्या एका विशिष्ट कॅन्सरचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि फ्रीज! हे औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल याचा नेम नसतो. तिकडच्या गिऱ्हाइकाला इंजेक्शनचं पेन देताना मी आधी फ्रीजची चौकशी करतो, मग पैशाची. सेमाग्लूटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच होतं, त्यामुळे स्वस्त पर्यायांचा रस्ता मोकळा झालाय. स्वस्त झालं तरी चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही हे. लग्नाआधी दोन महिन्यांत बारीक व्हायचंय म्हणून आलेल्यांना मी परत पाठवतो. ते पुढच्या दुकानात जातात, हेही मला ठाऊक आहे.

मी तर काडीसारखा आहे. मला शुगर कशी?

हा प्रश्न लोक रागानं विचारतात, जणू लॅबवाल्यानं नळ्याच बदलल्या.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघंही अंगानं सारखेच दिसतात, उंची-वजनाचं गुणोत्तरही दोघांचं २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण वरून बारीक आणि आतून जाडे. चरबी पोटात, यकृताभोवती साठते आणि काट्यावर दिसत नाही.

त्यामुळे शिंप्याची टेप काढा. बेंबीच्या पातळीवर पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या वर गेली की शुगर तपासायची, अंग कसंही असो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. उंबरठ्यावरच्या माणसाला मी नेहमी सांगतो, तुम्ही नशीबवान आहात, इथून मागं फिरता येतं. कुंदा सणालाच खायचा. एवढं सांगितलं की बेळगावकराचा चेहरा पडतो.

दंडावर लावायचा शुगरचा बिल्ला आणि घड्याळ, यातलं काय घेण्यासारखं?

बिल्ला म्हणजे सेन्सर. त्याची केसासारखी तार कातडीखाली राहते आणि साधारण दोन आठवडे दर काही मिनिटांनी शुगर सांगते. ती रक्तातली नव्हे, पेशींभोवतीच्या पाण्यातली असते, त्यामुळे आकडा थोडा मागं चालतो. चक्कर आली आणि बिल्ला ‘ठीक’ म्हणाला तरी बोट टोचून बघायचं. इन्सुलिन घेणाऱ्याला हा मोठा आधार आहे. बाकीच्यांनी एकदाच लावून बघावा, शिकण्यापुरता. एका मास्तरांनी लावला आणि त्यांना कळलं की त्यांची शुगर भातानं चढते त्याहून जास्त संध्याकाळच्या चहाबरोबरच्या चार खारींनी चढते. बिल्ला निघाला, खारी सुटली. पैसे वसूल.

मनगटी घड्याळाचं काम वेगळं. ठोके अनियमित पडत असतील तर ते पकडतं, आणि हा दोष वेळीच सापडला तर लकवा टाळता येतो. चार लाखांहून जास्त लोकांच्या एका अभ्यासात घड्याळानं इशारा दिला तो अर्धा टक्का लोकांना. त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीला पट्टी लावून तपासलं, त्यांच्यापैकी साधारण तिघांत एकाला खरंच दोष निघाला. म्हणजे इशारा आला तर डॉक्टरांकडं जायचं, रडायचं नाही. मात्र घड्याळाला हार्ट अटॅक ओळखता येत नाही. आणि सुई न टोचता शुगर सांगतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या साफ खोट्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशाराच दिलाय.

छातीत जड वाटतंय. गॅसची बाटली द्या की.

देणार नाही. एकदा दिली होती. पन्नाशीचा माणूस, घाम आलेला, डावा खांदा चोळत होता. मी गर्दीत होतो, बाटली दिली, सुट्टे पैसे परत केले. तो रात्री गेला. तेव्हापासून छातीचं नाव निघालं की माझा पहिला प्रश्न ‘घाम आला काय?’ आणि दुसरा ‘किती वेळ झाला?’

या सगळ्या नव्या तंत्रांत आपल्या भागात खरंच जीव वाचवणारं कुठलं, असं विचाराल तर मी घड्याळाचं नाव घेणार नाही. मी ईसीजीच्या त्या पट्टीचं नाव घेईन जी तालुक्याच्या दवाखान्यातून काही मिनिटांत मोठ्या रुग्णालयातल्या हृदयतज्ज्ञांपर्यंत पोचते. अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ मध्ये ४६ व्या वर्षी अचानक गेले. त्यांच्या नावानं कर्नाटक सरकारनं हृदयज्योती योजना काढली. तालुका रुग्णालयात ईसीजी निघतो, संगणकाच्या मदतीनं वाचला जातो, मोठ्या केंद्रातले डॉक्टर खात्री करतात, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन तिथंच फुकट दिलं जातं. बाहेर त्याची किंमत हजारोंच्या घरात आहे. पुढची अँजिओग्राफी मग मोठ्या रुग्णालयात.

रक्तवाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. कणकुंबीहून बेळगावपर्यंत गाडी आणण्यात जो वेळ जातो, तो खानापुरात इंजेक्शन मिळालं तर वाचतो. म्हणून एक काम आजच करा. तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, ही सोय चालू आहे काय, रात्री आहे काय. उत्तर कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवा. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दम लागणं, असं काही झालं तर १०८ लावायचा. स्वतः स्कूटर चालवत जायचं नाही. शुगरवाल्यांना आणि बायकांना कळ न येता नुसता थकवा आणि मळमळही येते, हे विसरू नका.

आता बरं वाटतंय. बीपीची गोळी बंद करू काय?

बरं वाटतंय ते गोळीमुळं. पाऊस अंगावर येत नाही म्हणून पावसातच छत्री मिटवाल काय?

२०१५ मध्ये अमेरिकेत नऊ हजारांवर लोकांचा एक अभ्यास झाला. वरचा आकडा १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा १२० च्या खाली ठेवलेल्यांत मृत्यू २७ टक्के कमी झाले. आयुष्य वाढवण्याबद्दल मी वाचलेल्या बातम्यांत याहून मोठी बातमी क्वचितच. पण रोज काही रुपयांच्या गोळीची जाहिरात कोण करणार? वयस्कर माणसाला एकदम इतकं खाली आणलं तर उठताना भोवळ येते, त्यामुळे तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील.

मोजताना लोक फार चुकतात. पिशवी घेऊन जिना चढून येतात, बाही तशीच, तोंड चालू, आणि म्हणतात ‘बघा हो जरा.’ पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकवा, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. आधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नाही. दोनदा मोजा. घरचं दंडाचं मशीन घ्या, मनगटाचं नको.

जेनेरिक गोळी चालते काय, हाही प्रश्न असतो. चालते. जनऔषधी केंद्रात स्वस्तही मिळते. हे सांगताना माझ्याच पोटावर पाय येतो, पण दहा दिवस गोळ्या घेऊन पैसे संपले म्हणून वीस दिवस उपाशी राहणाऱ्या माणसाकडून मला तरी काय मिळणार?

मीठ कमी म्हणजे किती? लोणच्याशिवाय भाकरी कशी उतरायची?

दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, तोही सगळं धरून. लोणचं, पापड, शेंगाचटणी, खर्डा, हॉटेलचं सांबार, सगळं त्यात आलं. आपण साधारण दुप्पट खातो.

चीनमधल्या ६०० खेड्यांत एक साधी गोष्ट करून बघितली. लोकांना तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियमचं मीठ असं मिश्रण दिलं. बाकी काही बदललं नाही. लकवा १४ टक्के कमी झाला. हे मीठ आपल्याकडंही मिळतं. फक्त किडनीचा त्रास असेल, किंवा बीपीसाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. पाकिटावर हे बारीक अक्षरात असतं, मी मोठ्या आवाजात सांगतो.

मशेरी लावते, ओढत तर नाही. मग काय बिघडलं?

मावशी, तंबाखू तोच.

निपाणीचा तंबाखू साऱ्या देशात विडीत गेला, आणि आपल्या घराघरांत तव्यावर भाजून मशेरी म्हणून दातांवर आला. पुरुषांच्या विडीबद्दल सगळे बोलतात. बायका सकाळी, दुपारी आणि झोपताना मशेरी घासतात, त्याला कुणी व्यसन म्हणतच नाही. ‘शौचाला होत नाही लावल्याशिवाय’ हे मी शेकडो वेळा ऐकलंय. ती निकोटिनची सवय आहे. सकाळी कोमट पाणी आणि पिकलेलं केळं यांनी ते काम होतं. पहिले दहा-पंधरा दिवस त्रास होतो, त्यासाठी निकोटिनचं गम मिळतं. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय फुकट नंबरावर सोडायला मदतही मिळते.

महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड उघडा. गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीवर न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यांपैकी काही दिसलं तर दंतवैद्याकडं जायचं. ही तपासणी फुकट आहे, यंत्र लागत नाही.

‘फुल बॉडी चेकअप’ १९९९ रुपयांत. करून घेऊ?

ऐंशी तपासण्या असतात त्यात, त्यातल्या साठ कुणी वाचत नाही. एखादा आकडा सीमेबाहेर निघतो, मग त्याच्या मागं पाच तपासण्या. चाळिशीनंतर कामाच्या गोष्टी थोड्याच: बीपी, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, तोंडाची तपासणी, बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाची. शुगर असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा. आता पडद्याचा फोटो काढून संगणक सांगतो की तज्ज्ञाकडं जायची गरज आहे काय. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासारख्या संस्थांनी या कामात मोठा वाटा उचललाय.

मोबाईलमधल्या एआयनं सांगितलं म्हणून...

इथं मी वाक्य पुरं होऊ देत नाही. एका काकांनी मोबाईलला विचारून रक्त पातळ करायची गोळी सोडली होती, कारण उत्तरात ‘रक्तस्राव होऊ शकतो’ असं होतं. होऊ शकतो, खरंय. पण त्यांच्या हृदयात स्टेंट बसून जेमतेम चार महिने झाले होते, हे त्यांनी मोबाईलला सांगितलंच नव्हतं. रिपोर्टमधल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत समजून घ्यायला मोबाईल चांगला. गोळी बदलायला नव्हे. घरबसल्या खरा डॉक्टर हवा असेल तर सरकारची ई-संजीवनी आहे, फुकट.

कॅन्सरवर पेशींचं नवीन औषध निघालंय म्हणतात?

निघालंय, आणि आपल्या शेजारीच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडतात. परदेशात याला कोट्यवधी लागतात, इथं काही लाखांत होतं. पण हे रक्ताच्या काही ठरावीक कॅन्सरसाठी आहे, तेही बाकीचे उपाय हरल्यावर. तोंडाच्या कॅन्सरला लागू नाही.

लशी लहान मुलांच्या. आम्हाला कशाला?

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरता ना? तिथं एके काळी देवीची लस तयार व्हायची, म्हणून ते नाव. देवी जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. साठीनंतर दरवर्षी फ्लूची, आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या. नागीण झालेल्यांना तिची कळ विचारा. तिचीही लस आता मिळते, महाग आहे. आणि नातीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. पुण्याच्या सीरम संस्थेची देशी लस २०२३ मध्ये आली.

फाईल कोल्हापूरला, कार्ड बेळगावचं, बोर्ड कन्नडमध्ये. आम्ही जायचं कुठं?

सीमाभागातल्या माणसाचा आजारही सीमेवरच असतो. बायपास मिरजेला, सोनोग्राफी बेळगावात, दुसरं मत गोव्यात बांबोळीला, आणि सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या पिशवीला पर्याय म्हणून आभा क्रमांक, म्हणजे सरकारचा आरोग्य ओळख क्रमांक काढा. चौदा आकडी असतो, आधारवर निघतो, देशभर चालतो, आणि जोडलेल्या रुग्णालयांचे रिपोर्ट त्यात राहतात. तोवर प्रत्येक कागदाचा फोटो काढून मुलाला पाठवून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर बीपीएल कुटुंबाला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली महात्मा फुले योजना खुली केली आणि त्यावरून दोन सरकारांत जुंपली. त्या भांडणात मी पडत नाही. पण रुग्ण दाखल करायच्या आधी त्याच रुग्णालयाच्या मदतखिडकीवर विचारा, ‘हे कार्ड, हा आजार, इथं चालेल काय?’ दाखल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. औषधाची चिठ्ठी मात्र कोल्हापूरची असो की हुबळीची, मला चालते. वाचता आली पाहिजे.

दिवसभर शेतात राबते. मला आणि कसला व्यायाम?

तुम्हाला चालायचा व्यायाम नको, खरं आहे. दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या माझ्यासारख्याला हवा. आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालणं हा साधा हिशेब. दहा हजार पावलांचा आकडा जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आला. बहुतेक फायदा सात हजारांच्या आसपासच पदरात पडतो.

पण साठीनंतर माणूस आडवा होतो तो बहुधा न्हाणीघरात पडून. खुबा मोडला की पुढची गोष्ट सांगायला नको. त्यासाठी मांड्यांत जोर आणि तोल हवा, आणि वाकून भांगलणाऱ्या बाईलाही तो वेगळा कमवावा लागतो. माझ्या काउंटरसमोर एक लाकडी खुर्ची आहे. गोळ्या मोजून होईपर्यंत मी म्हाताऱ्यांना सांगतो, हात छातीवर बांधा आणि हात न लावता उठा-बसा, अर्ध्या मिनिटात जमेल तितकं. दहाच्या खाली अडकलात तर घरी रोज दोनदा हेच करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, चाकाची नको.

येळ्ळूरच्या एक आजी आहेत. ‘मला शंभर वर्षं नकोत रे बाबा, शेवटपर्यंत संडासाला आपल्या पायांनी गेले म्हणजे झालं,’ म्हणाल्या. पहिल्या दिवशी सहा वेळा उठल्या. गेल्या महिन्यात बारा झाल्या. आता बीपीची गोळी न्यायला येतात तेव्हा आधी पिशवी माझ्या हातात देतात आणि म्हणतात, ‘मोज.’